पिल्लांना वाट दाखवायची नव्हती

आमच्याकडे पिल्लू दुसऱ्या घरी द्यायचं तर पोत्यात घालून देतात. मांजराचं असो नाहीतर कुत्र्याचं. त्याला वाट दिसता कामा नये. दिसली तर ते परत येतं, किंवा परत यायला निघतं आणि मध्येच कुठेतरी संपतं. नव्या घरी पोचल्यावर आधी दार लावायचं, मग पोत्याचं तोंड सोडायचं. हे मला कोणी बसवून शिकवलं नाही, लहानपणापासून बघत आले आहे. तरी गेल्या थंडीत मी जे केलं ते केलं. लिहून काढलं तर कदाचित मलाच नीट कळेल, असं वाटतं.

आमचं घर किन्हवलीपासून थोडं आत आहे. मी शहापूरच्या कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे काही अडलं की सगळे माझ्याकडे बघतात. रेशनचा फॉर्म, मोबाईलवर आलेला मेसेज, इथपर्यंत ठीक आहे. पण शेजारच्यांच्या म्हशीने चारा सोडला तेव्हासुद्धा मलाच बोलावलं होतं. मी म्हशीभोवती एक फेरी मारली आणि डॉक्टरांना फोन करा म्हणाले. ते त्यांनाही सुचलं असतं. पण माझ्या तोंडून आलं म्हणून सगळ्यांनी मान डोलावली.

माझी मावशी, म्हणजे आईची मोठी बहीण, मुरबाड तालुक्यात सिद्धगडाच्या अंगावरच्या एका वाडीत राहते. गाडीरस्ता पायथ्याच्या गावापर्यंतच, पुढे दीड-दोन तास चढायचं. काका गेले त्याला बरीच वर्षं झाली. मुलगा आणि सून भात कापून झालं की वीटभट्टीवर जातात ते पावसाच्या तोंडावर परत येतात. तेवढे महिने मावशी एकटी, तिच्या चार शेळ्या आणि तिचा कुत्रा.

तो कुत्रा बिबट्याने नेला. वाडीतल्या एका माणसाने मुरबाडच्या बाजारात माझ्या भावाला निरोप दिला, तुमच्या कुत्रीला पिल्लं झालीत असं ऐकलंय, मावशीनं दोन मागितलीत, लवकर पाठवा.

पिल्लं होती. आमच्या कुत्रीने पेंढ्याच्या उडवीखाली चार दिली होती, दोन राहिली. एक तांबडं, एक काळं, पायांत पांढरे मोजे घातल्यासारखं. दोघं दीड-दोन महिन्यांची. पण न्यायला कोणी मोकळं नव्हतं. भावाची मुरबाडच्या कारखान्यात शिफ्ट, बाबा आणि आई झोडणीवर. मला रविवारची सुट्टी. आई म्हणाली, "तू जा."

"एकटी?"

"मग काय बँड लावून जातेस? दोनदा आलीयस माझ्यासंगं. वाट म्हाईत हाय."

मी दोनदा गेले होते हे खरं. पण दोन्ही वेळा आईच्या पाठीकडे बघत गेले होते. आईच्या पाठीकडे बघत चाललं की वाट लक्षात राहत नाही, आईची पाठ लक्षात राहते. हे मी बोलले नाही. रोज शहापूरला जाऊन येणारी मुलगी डोंगराला घाबरते म्हटल्यावर काय ऐकायला लागलं असतं ते मला माहीत होतं.

सकाळी आईने पिल्लांना भाकरी-दूध चारलं, धुतलेल्या पोत्यात पेंढा घातला, वर पिल्लं ठेवली आणि तोंड सैलसर बांधलं. "मधी सोडू नकोस," एवढंच म्हणाली.

एसटीत पोतं मांडीवर घेतलं. मुरबाडपर्यंत दोघं झोपली. पुढच्या गाडीत कंडक्टर आला तेव्हा काळ्याला जाग आली.

"काय आहे पोत्यात?"

मला काय झालं कोणास ठाऊक, मी म्हणाले, "कोंबड्या."

पोतं कुंईकुंई करत होतं. कंडक्टरने जरा वेळ ऐकलं. "बरं. अंडी घातली की सांग," म्हणाला आणि पुढे गेला. मागे बसलेल्या बायका हसायला लागल्या. मी पायथ्याचं गाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसले.

चढ सुरू झाला तेव्हा ऊन चांगलंच वर आलं होतं. थंडीचे दिवस असले तरी अकरानंतर त्या अंगाला तापतं. पोतं पाठीवर घेतलं तर पिल्लं माझ्या मणक्यावर आपटत होती, पुढे घेतलं तर पाय दिसत नव्हते. अर्ध्या तासाने मी एका दगडावर बसले आणि पोत्यात हात घातला. आत भट्टीसारखं झालं होतं. तांबड्याची जीभ बाहेर, काळं धापा टाकत होतं. मी ओंजळीत पाणी घेऊन पाजलं. पाणी पिऊन झाल्यावर त्यांना पुन्हा आत घालायला गेले तर तांबड्याने पुढचे दोन पाय पोत्याच्या काठावर रोवले आणि माझ्याकडे बघितलं.

खरं सांगायचं तर मी तेव्हा फार विचार केला नाही. एवढंच आलं मनात, की ही गुदमरून मेली तर मी वर काय घेऊन जाणार? थोडा वेळ चालू देत, वाडी जवळ आली की पुन्हा भरू. पोतं रिकामं करून खांद्यावर टाकलं. पिल्लं दहा पावलं माझ्या मागे चालली, मग पुढे झाली. दर झुडपाखाली थांबायची, वास घ्यायची, मुतायची. मला गंमत वाटत होती. आपण आपल्या आपण डोंगर चढतोय आणि सोबत दोन कुत्रे आहेत, हे मोठ्या माणसासारखं वाटत होतं.

पुढे वाघोबाचा दगड लागला. शेंदूर लावलेला, खाली वाळलेल्या पाल्याचा ढीग. येणारा-जाणारा तिथे हिरवी डहाळी ठेवतो आणि सांभाळ म्हणतो. आई ठेवायची, तिचं बघून मीही ठेवायचे. या वेळी डहाळी मोडली आणि हातात घेऊन उभीच राहिले. वाघोबा म्हणजे वाघाचा देव, बिबट्याचाही असणार. त्याला काय सांगायचं? मी तुझ्याच दारावरून तुझ्यापासून वाचवायला दोन कुत्रे नेतेय, त्यांना खाऊ नकोस? आणि त्याने उलट विचारलं, की मग मी काय खाऊ, तर? तेवढ्यात काळं ढिगाकडे जाऊन मुतायला बसलं. मी त्याला घाईने उचललं, डहाळी ठेवली आणि काहीच न मागता निघाले.

पण त्या दगडापाशी मनात आलेलं जाईना. आमच्या ओटीवर बोलताना बाबा एकदा म्हणाले होते, बिबट्याला शेळीपेक्षा कुत्रा आधी लागतो, दारात कुत्रा असला की शेळ्या वाचतात. तेव्हा मी ते नुसतं ऐकलं होतं. आता ती दोघं माझ्यासमोर शेपट्या हलवत चालली होती आणि मला कळेना की मी मावशीला राखण नेतेय की शेळ्यांच्या ऐवजी द्यायला काही नेतेय. दोन्हीला आमच्याकडे शब्द एकच आहे, कुत्रा ठेवला.

हे डोक्यात घोळवत असतानाच वाट दुभागली. मला आठवेना. मग मी एक केलं, जे आमच्या सपाटीवरचं कोणीही केलं असतं. शेण बघितलं. आमच्याकडे संध्याकाळी गुरं घरीच येतात, शेणाच्या मागे गेलं की गाव लागतंच. उजवीकडे ताजं शेण होतं. उजवीकडे गेले.

अर्ध्या-पाऊण तासाने एका सपाट माळावर आले. पंधरा-वीस गुरं बसली होती. घर एकही नाही. पलीकडे नुसती दरी. एका झाडाखाली एक म्हातारे बाबा घोंगडी अंथरून पडले होते. माझ्याकडे बघितलं, पिल्लांकडे बघितलं.

"कुठं चाललीस गो?"

मी वाडीचं नाव सांगितलं, मावशीची ओळख सांगितली.

"मग हिथं कशाला आलीस?"

"शेणाच्या वाटेनं आले बाबा."

ते उठून बसले. "ही गुरवाट हाय. गुरं भात निघाल्यावर हिथंच बसतात, घरी जात नाय रोज. खालच्या अंगाची दिसतेस." मग जरा थांबून, "शिकतेस काय?"

"हो. कॉलेजात."

"तरीच," म्हणाले. त्याचा अर्थ मी विचारला नाही. त्यांनी काठीने दाखवलं, माळाच्या कडेने जा, कातळ लागेल, तिथून कौलं दिसतील. मी निघाले तेव्हा मागून म्हणाले, "पिल्लं उचलून घे. अशी मोकळी नाय न्यायची." मला वाटलं ते कड्याबद्दल बोलतायत. दोन्ही काखांत एकेक घेतलं, कातळ पार केला आणि परत खाली सोडलं. वाडी समोर दिसत होती. मावशीच्या अंगणात आम्ही तिघंही आपापल्या पायांनी गेलो.

मावशी शेण-माती कालवून ओटा सारवत होती. हात तसेच ठेवून तिने पिल्लं बघितली, दोघांची तोंडं उघडून आतली टाळू बघितली. टाळू काळी असली तर कुत्रा चांगला निघतो म्हणे. "हे बरं हाय," काळ्याला म्हणाली, मग तांबड्याकडे बघून, "हे जरा बावळट दिसतं. तुझ्यावर गेलंय."

जेवताना, नाचणीची भाकरी आणि वालाचं कालवण होतं, मी धीर करून विचारलं. "मावशी, कुत्रा तू राखणीला ठेवतेस, की..."

"की काय?"

"की शेळ्यांऐवजी?"

मावशीचा घास हातातच राहिला. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "तुला कोण शिकवतं गो असं विचारायला?" आणि मग माझ्याकडे न बघता, "त्यानं मला जागं केलं. भुंकला, मग रडला. मी कडीला हात लावून उभी होते. कडी नाय काढली. शेळ्या आत होत्या, मी आत होते. तो बाहेर होता." भाकरीचा तुकडा तिने ताटातच मोडला. "सात वर्षं होता. आता तूच सांग, तो कशासाठी होता."

तिने हात धुतले आणि सांगितलं की ही दोन ती मोठी होईपर्यंत आतच ठेवणार आहे, कोंबड्या झाकायच्या डालग्याखाली, चुलीजवळ. ते ऐकून मला एकदम हलकं वाटलं. काम झालं असं वाटलं. खालची शेवटची गाडी धरायची होती. पिल्लं ओट्यावर उन्हात झोपली होती. मी निघाले.

वाडीबाहेरच्या ओढ्यापर्यंत आले असेन. मागे काहीतरी वाजलं. वळून बघते तर तांबडं, त्याच्या मागे काळं. धापा टाकत, शेपट्या हलवत. मी ज्या दगडावरून उतरले होते त्याच दगडावरून ती उतरली. वाट हुंगत नव्हती, सरळ येत होती.

दोघांना उचलून परत गेले. मावशी अंगणातच उभी होती.

"पोत्यातून नाय आणलीस?"

"आणली. पायथ्यापासून थोडं वर... मग बाहेर काढली. गुदमरत होती गो."

"मग चालवत आणलीस."

"हो."

"सगळी वाट."

मावशीने कपाळाला हात लावला नाही, ओरडली नाही. खाली बसली. "आता ही निघणार. दार उघडं दिसलं की निघणार. दिवसा निघाली तर कोण तरी आणून देईल. संध्याकाळची निघाली की झालं. तुझ्या वाटेनंच जातील, आणि त्याची पण तीच वाट."

"बांधून ठेवली तर?"

"बांधली तर रडतील. रडली की तो येईल बघायला."

वाघोबापाशी जे नुसतं मनात आलं होतं ते आता अंगणात समोर उभं होतं, आणि ते मी केलं होतं. माझ्या कणवेने. पोत्यात दोन तास गुदमरली असती तर इथे जगली असती, असं होतं का ते? की पोत्यातच मेली असती? मला अजूनही ठरवता येत नाही.

मावशी म्हणाली, "परत घेऊन जातेस काय? नेलीस तर मला कुत्रा नाय. ठेवलीस तर ही राहतील का नाय, सांगता येत नाय. तूच सांग. तू शिकलेली हायस."

हे वाक्य मी शंभरदा ऐकलं असेल. दरवेळी काहीतरी बोलते. मान तरी हलवते. त्या दिवशी मी पिल्लांकडे बघितलं, शेळ्यांकडे बघितलं, मावशीच्या हातांकडे बघितलं, आणि म्हणाले, "मला नाय कळत गो मावशी."

"मला पण नाय कळत," मावशी म्हणाली. "म्हणून तर तुला विचारलं."

मग तिने चहा टाकला. चहा पिता पिता ती म्हणाली, "तुझी ओढणी दे."

"कशाला?"

"तुझ्या वासाला येतात ती. वास हिथं राहिला तर राहतील. नाय तर नाय."

ओढणी न घेता मी कधी घरातून पाणी भरायलासुद्धा गेले नव्हते. पण काढून दिली. दिवसभराचा घाम, पेंढा, पिल्लांचं मूत, सगळं होतं तिच्यात. मावशीने ती डालग्याखाली गोळा करून ठेवली, दोघांना आत घातलं, वर पाटा ठेवला. पिल्लं जरा वेळ ओरडली. मग तांबडं ओढणीत तोंड खुपसून पडलं. काळं त्याच्यावर पडलं.

मावशीने मला मागच्या दाराने काढलं. आलेल्या वाटेने नाही, ओढ्याच्या पात्रातून, पाण्यात पाय घालत. लांबचा पडतो तो रस्ता. दर वळणावर मी थांबून मागे ऐकत होते. काही ऐकू आलं नाही, आणि ऐकू येत नाही हे चांगलं की वाईट, ते कळत नव्हतं.

गाडी मिळाली. रिकामं पोतं घडी करून छातीशी धरून बसले. घरी आल्यावर आईने पहिल्यांदा तेच विचारलं, "ओढणी कुठाय?" मग सगळं सांगावं लागलं. ऐकून आई बराच वेळ सुपातलं भात पाखडत राहिली. "मधी सोडू नकोस म्हटलं होतं," एवढंच म्हणाली. जेवताना माझ्या ताटात मासळीचा मोठा तुकडा वाढला, म्हणजे चिडली नव्हती. की चिडली होती आणि तरी वाढला? तेही मी विचारलं नाही.

वाडीत मोबाईलला रेंज नाही. एका टेकाडावर येते, तिथे मावशी जात नाही. मी रोज शहापूरला जात होते, लेक्चरला बसत होते. पर्यावरणाच्या पेपरात मानव आणि वन्यप्राणी संघर्षावर प्रश्न आला, उपाय लिहा. मी पान भरून उपाय लिहिले, मार्कही बरे मिळाले. लिहिताना मला सारखी मावशीच्या दाराची कडी दिसत होती. ती कुठल्या मुद्द्यात घालायची ते समजलं नाही, म्हणून सोडून दिली. वाडीतलं कोणी बाजारात भेटलं का, हे मी भावाला विचारायचं टाळत होते. भेटलं असेल आणि त्याने सांगितलं नसेल, तर नकोच.

पौषात म्हशाच्या जत्रेला आम्ही सगळे गेलो. मावशी दरवर्षी तिथे येते, घोंगडी बघायला आणि आईला भेटायला. बैलबाजाराच्या कडेला ती आम्हाला भेटली. आईच्या गळ्यात पडली. बहिणी बोलत होत्या, भट्टीवरच्या सुनेला दिवस गेलेत, एका शेळीने दोन करडं दिली, वाडीची विहीर आटत आलीय. कुत्र्यांचं नाव नाही. मी बाजूने चालत होते. आई मध्येच माझ्याकडे बघायची, विचार म्हणून. मी बैलांकडे बघायचे.

मग मावशी कासरे, घुंगुरमाळा, वेसण विकणाऱ्या एका दुकानापाशी थांबली. तिथे कुत्र्यांचे चामड्याचे पट्टेही टांगले होते, बाहेरून लोखंडी खिळे मारलेले. बिबट्या मान धरतो, खिळे असले की त्याला धरता येत नाही. मावशीने एक पट्टा काढून हातात वजन बघितलं. "ह्याच्यापेक्षा लहान नाय?"

"केवढा पायजे? माप आणलंय काय?"

मावशीने कमरेची चंची सोडली आणि सुपारीच्या मागून सुतळीचा एक तुकडा काढला. दुकानदाराने तो ताणून धरला. त्याला दोन गाठी होत्या, एकीपासून दुसरी बोटभर लांब.

"दोन गाठी कशाला मारल्यात मावशी? माप एकच सांगा."

"दोन माना हायत," मावशी म्हणाली. "दोन्ही मापाचे दे. आणि चार बोटं जादा ठेव. पावसाळ्यात बाहेर झोपायला लागतील, तवर वाढतील."

मी ती सुतळी दुकानदाराच्या हातातून घेतली. बाहेर झोपायला लागतील, हे मी ऐकलं होतं. त्याचं काय करायचं ते मला तेव्हाही कळलं नाही. मी गाठींवरून बोट फिरवलं.

"काळ्याची कुठली गो?"

"लांबची," मावशी म्हणाली. "खादाड हाय ते. तुझी ओढणी पण खाल्ली निम्मी."